जठराच्या भिंतीतील गाठ : एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडमधून नेमके काय कळते?

प्रश्न : सातारकन्या

नमस्कार. माझी आई ६१ वर्षांची आहे. जेवणानंतर पोट जड वाटणे आणि आंबट ढेकर येणे असा त्रास तिला काही महिन्यांपासून होत होता, म्हणून मागील महिन्यात तिची दुर्बिणीची तपासणी केली. तीत जठराच्या मधल्या भागात एक गोलसर फुगवटा दिसला. त्यावरचे अस्तर गुळगुळीत आहे, कुठेही व्रण नाही, आणि आकार अंदाजे दोन सेंटिमीटर असावा असे अहवालात लिहिले आहे. डॉक्टरांनी त्याच वेळी चिमट्याने चार तुकडे घेतले. त्यांचा अहवाल 'अस्तराची सौम्य सूज, कर्करोगाच्या पेशी नाहीत' असा आला. त्यानंतर पोटाचा सीटी स्कॅन केला, त्यात या फुगवट्याचा ठळक उल्लेखच नाही.

एवढे झाल्यावर आता डॉक्टर म्हणतात की पुण्याला जाऊन एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करून घ्या, आणि गरज वाटली तर तिथे सुईने नमुनाही घेतील. आमच्या घरात यावरून दोन मते आहेत. बायॉप्सी चांगली आली असताना पुन्हा तीच दुर्बीण कशासाठी, असे वडिलांना वाटते. गाठ आहेच तर तपासण्या करत बसण्यापेक्षा सरळ काढून टाकावी, असे मामा म्हणतो. मला स्वतःला सुईची भीती वाटते, कारण सुई लावली की गाठ पसरते असे अनेकांकडून ऐकले आहे. ही तपासणी बायॉप्सी आणि सीटी स्कॅनपेक्षा वेगळे काय दाखवते, आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद : जठरवैद्य

मी पचनसंस्थेच्या विकारांचा डॉक्टर आहे आणि ही तपासणी नियमितपणे करतो. आपल्या आईंना मी पाहिलेले नाही, त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावा.

प्रथम बायॉप्सीविषयी. दुर्बिणीतून जाणारा चिमटा अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा उचलतो. आपल्या आईंचा फुगवटा गुळगुळीत अस्तराने झाकलेला आहे, याचाच अर्थ असा की तो अस्तराखालून, म्हणजे भिंतीच्या आतल्या थरांमधून वर आलेला असण्याची शक्यता अधिक आहे. गादीखाली लिंबू ठेवले आणि वरच्या चादरीचा तुकडा कापून तपासला, तर चादर कशी आहे ते कळेल, लिंबाविषयी काही कळणार नाही. तेव्हा चांगली आलेली बायॉप्सी ही अस्तराबद्दलची चांगली बातमी आहे, पण गाठीचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. अशा ठिकाणी वरवरचे तुकडे पुन्हा पुन्हा घेणे मला योग्य वाटत नाही, कारण त्याने तेथे घट्ट वण धरतो आणि पुढे गाठ दुर्बिणीतूनच काढायची वेळ आली तर ते काम अवघड होते.

सीटी स्कॅन यकृत, लसिका ग्रंथी आणि भिंतीबाहेर वाढलेली मोठी गाठ दाखवण्यात उत्तम आहे. मात्र जठर नीट फुगलेले नसेल तर त्याच्या वळ्यांमध्ये दीड-दोन सेंटिमीटरची गाठ सहज लपते, आणि गाठ दिसली तरी ती भिंतीच्या कोणत्या थरातून निघाली आहे हे सीटीवर सहसा ठरवता येत नाही.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडमध्ये दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा छोटा प्रोब बसवलेला असतो. पोटावरून सोनोग्राफी करताना त्वचा, चरबी आणि आतड्यातील हवा मध्ये येते, येथे मात्र प्रोब गाठीपासून काही मिलिमीटरवर असतो. त्यामुळे साधारण ५ ते १२ मेगाहर्ट्झच्या, आणि लहान गाठीसाठी दुर्बिणीच्या नळीतून घातलेल्या बारीक प्रोबने २० मेगाहर्ट्झच्या लहरीही वापरता येतात. लहरींची वारंवारिता वाढली की बारकावा वाढतो आणि खोली कमी होते, म्हणून मोठ्या गाठीसाठी बारीक प्रोब पुरत नाही. हवेतून या लहरी जात नाहीत, म्हणून आम्ही जठरातील हवा ओढून घेतो आणि त्यात पाणी भरतो. गाठ पाण्याखाली बुडाली की चित्र स्वच्छ येते.

या चित्रात जठराची जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची भिंत पाच पट्ट्यांची दिसते. आतून बाहेर मोजले तर पहिली पट्टी पांढरट आणि दुसरी काळसर असते, या दोन्ही मिळून अस्तर. तिसरी पांढरट पट्टी म्हणजे अस्तराखालचा सैल थर, चौथी काळसर पट्टी म्हणजे जठराचा मुख्य स्नायू, आणि पाचवी पांढरट पट्टी म्हणजे बाहेरचे आवरण. आमचे अर्धे काम म्हणजे गाठीच्या कडेला प्रोब धरून, कोणती पट्टी पसरत जाऊन गाठीत विलीन होते, हे शांतपणे शोधणे. ही जागा सापडली की शक्यतांची यादी एकदम आखूड होते. तिसऱ्या थरात एकसारखी पांढरीशुभ्र, चिमट्याने दाबली असता उशीसारखी आत दबणारी गाठ ही चरबीची, म्हणजे लिपोमा असते. त्याच थरात, जठराच्या खालच्या भागात, मध्यभागी खळगा असलेली आणि आत बारीक नलिका दिसणारी संमिश्र रंगाची गाठ असेल, तर ते बहुधा चुकीच्या जागी वाढलेले स्वादुपिंडाचे ऊतक असते. दुसऱ्या-तिसऱ्या थरातील लहान काळसर गाठ न्यूरोएंडोक्राइन प्रकारची, म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची असू शकते. पूर्ण काळा, पाण्याने भरलेला गोळा म्हणजे सिस्ट, आणि तिला शक्यतो सुई लावू नये, कारण तिच्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. असा काळा भाग दिसल्यावर डॉप्लर लावून आत रक्तप्रवाह नाही ना हे आधी पाहिलेच पाहिजे, कारण फुगलेल्या रक्तवाहिनीला गाठ समजून चिमटा किंवा सुई लावली तर जीवघेणा रक्तस्राव होतो. आणि काही वेळा पाचही पट्ट्या अखंड असतात, म्हणजे भिंतीत गाठच नसते. प्लीहा, प्लीहेची रोहिणी, पित्ताशय किंवा यकृताचा डावा भाग बाहेरून दाबत असतो. अशा रुग्णाला घरी पाठवताना होणारे समाधान मोठे असते.

आता मर्यादा. चौथ्या थरातील काळसर गाठ ही या तपासणीची सर्वांत अवघड जागा आहे. तेथे जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीतील विशिष्ट पेशींची गाठ), लायोमायोमा (स्नायूची गाठ) आणि श्वानोमा (मज्जातंतूच्या वेष्टणाची गाठ) या तिन्ही गाठी जवळजवळ सारख्याच दिसतात. लायोमायोमा आणि श्वानोमा जवळपास नेहमीच निरुपद्रवी असतात, जिस्टमध्ये मात्र कमीअधिक प्रमाणात पसरण्याची क्षमता असते, आणि जठरातील चौथ्या थराच्या गाठींमध्ये जिस्टच सर्वाधिक आढळते. वेड्यावाकड्या कडा, आत पोकळ्या, रंगातील विषमता, वरती व्रण किंवा शेजारी वाढलेल्या ग्रंथी दिसल्या तर आम्ही सावध होतो. शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचे औषध देऊन पाहिले तर जिस्ट सहसा उजळते आणि लायोमायोमा मंद राहते. एवढे असूनही केवळ चित्रावरून गाठीचे नाव छातीठोकपणे सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून सुईचा विचार येतो.

आपल्या मामांना एवढेच सांगावे की लिपोमा किंवा स्वादुपिंडाचे ऊतक निघाले, तर त्रास नसताना शस्त्रक्रियेची गरजच नसते. गाठ कोणत्या थरात आहे हे न पाहता ती काढायला निघणे घाईचे ठरेल.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षिका

ताई, मी डॉक्टर नाही, पण या वाटेने गेलेली आहे, म्हणून लिहिते. माझ्याही जठराच्या खालच्या टोकाला सव्वा सेंटिमीटरचा फुगवटा निघाला होता आणि माझीही बायॉप्सी अशीच 'सौम्य सूज' म्हणून आली होती. अल्ट्रासाऊंडमध्ये ती गाठ तिसऱ्या थरात असून आत बारीक नलिका आहेत, असे दिसले. वर म्हटल्याप्रमाणे ते जन्मतःच तेथे राहून गेलेले स्वादुपिंडाचे ऊतक होते. डॉक्टरांनी सुई लावली नाही आणि पुन्हा तपासणीलाही बोलावले नाही. सहा आठवडे मी ज्या गाठीच्या चिंतेने रात्र-रात्र जागी होते, ती माझ्याबरोबर साठ वर्षे सुखाने राहत होती.

तपासणीला जाताना रात्रीपासून उपाशी राहावे लागले. गुंगीचे इंजेक्शन दिल्यामुळे मला मधले काही आठवत नाही. बाहेर थांबलेल्या माझ्या मुलाने अर्धा तास लागल्याचे सांगितले. ही दुर्बीण नेहमीच्या दुर्बिणीपेक्षा टोकाला थोडी जाड असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीपर्यंत घसा दुखत होता. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ते आधीच सांगा. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण सुई लावायची असेल तर ती किती दिवस थांबवायची आणि थांबवायची की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरते. गुंगीमुळे त्या दिवशी आईंनी एकटीने प्रवास करू नये. आणि एक गोष्ट मला फार उपयोगी पडली, ती म्हणजे अहवालात गाठ कोणत्या थरात आहे आणि मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी किती आहे, हे लिहिलेले आहे ना, ते तिथेच वाचून घेणे आणि चित्रांची प्रत मागून घेणे.

प्रतिसाद : पेशीनिरीक्षक

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सुईने आलेला नमुना माझ्या टेबलावर येतो, त्यामुळे सुईच्या प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

सुईने गाठ पसरते ही भीती सर्वस्वी निराधार नाही, पण कोणती सुई आणि कोणत्या मार्गाने, हे पाहिल्याशिवाय तिला अर्थ नाही. पोटाच्या बाहेरून त्वचेतून सुई घालून जिस्टचा नमुना घेतला, तर नाजूक गाठ फुटून पेशी उदरपोकळीत सांडण्याचा धोका असतो, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडमध्ये मात्र सुई जठराच्या आतून, त्याच भिंतीतून थेट गाठीत जाते. उदरपोकळी ओलांडली जात नाही, आणि पुढे शस्त्रक्रिया झालीच तर सुई गेलेला भिंतीचा भागही गाठीबरोबर निघून जातो. म्हणूनच जिस्टचा संशय असताना हा मार्ग पसंत केला जातो. रक्तस्राव किंवा संसर्ग क्वचित होतो, पण होतच नाही असे नाही.

नमुना कसा आला यावर माझे उत्तर अवलंबून असते. पूर्वीच्या बारीक सुईने सुट्या पेशी येत. या गाठींच्या बाबतीत सुट्या पेशी पुरत नाहीत, कारण जिस्ट, लायोमायोमा आणि श्वानोमा या तिन्हींमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली चातीसारख्या लांबट पेशीच दिसतात. त्यांच्यातील फरक इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे विशिष्ट प्रथिनांना चिकटणाऱ्या रंगांनी ठरतो, आणि त्यासाठी अखंड ऊतकाचा छोटा दंडगोल लागतो. आता वापरल्या जाणाऱ्या बायॉप्सीच्या सुयांच्या टोकाला कापणाऱ्या धारा असतात आणि त्यांतून तसा तुकडा मिळतो. सुमारे ९५ टक्के जिस्ट गाठी सीडी ११७ या चाचणीला प्रतिसाद देतात आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच डॉग १ या चाचणीत सापडतात. लायोमायोमा डेस्मिन आणि स्नायूंच्या ॲक्टिनला प्रतिसाद देते, श्वानोमा एस १०० ला. यात एक खाच आहे. लायोमायोमामध्ये मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या) आणि काहाल पेशी (आतड्याच्या हालचालींची लय राखणाऱ्या) विखुरलेल्या असतात आणि त्याही सीडी ११७ ने रंगतात. तुकडा अगदी छोटा असेल आणि पाहणारा घाईत असेल, तर निरुपद्रवी गाठीला जिस्टचे नाव मिळू शकते. त्यामुळे एकच चाचणी करून दिलेला अहवाल मी पुरेसा मानत नाही.

हा भेद इतका महत्त्वाचा का, याला इतिहास आहे. १९९८ पूर्वी जठराच्या स्नायूथरातील बहुतेक गाठींना आम्ही सरसकट स्नायूंच्या गाठी म्हणत होतो. त्या वर्षी जपानी संशोधकांनी दाखवून दिले की यांतील अनेक गाठींमध्ये किट नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि त्यांचे नाते याच काहाल पेशींशी आहे. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत इमॅटिनिब ही गोळी पसरलेल्या जिस्टवर चालते हे सिद्ध झाले, आणि ज्या आजारावर आधीची केमोथेरपी जवळजवळ निष्फळ होती त्याचे रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. भारतात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे त्याचे स्वस्त पर्याय आपल्याकडे उपलब्ध राहिले. जिस्ट हे नाव ऐकून हातपाय गाळण्याचे दिवस गेले आहेत, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

सुईच्या नमुन्यातून एक गोष्ट मात्र मी खात्रीने सांगू शकत नाही, ती म्हणजे जिस्ट किती आक्रमक आहे. त्यासाठी ठरावीक क्षेत्रफळात विभाजित होणाऱ्या पेशी मोजाव्या लागतात, आणि तेवढे क्षेत्र सुईच्या तुकड्यात सहसा नसते. ती मोजणी संपूर्ण गाठ काढल्यावरच नीट होते. जठरातील दोन सेंटिमीटरपर्यंतच्या आणि विभाजन कमी असलेल्या जिस्टमध्ये पसरण्याचा धोका जवळजवळ नसतो. तीच गाठ लहान आतड्यात असती तर आकार वाढल्यावर हिशेब अधिक कडक झाला असता.

सातारकन्या

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना चादर आणि लिंबाचे उदाहरण वाचून दाखवले, आणि ते स्वतःच पुण्याला जाण्यास तयार झाले.

मागील आठवड्यात तपासणी झाली. अहवालानुसार गाठ चौथ्या थरातून निघाली आहे, आकार १६ बाय ११ मिलिमीटर आहे, कडा स्पष्ट आणि गुळगुळीत आहेत, आत पोकळ्या नाहीत आणि शेजारी वाढलेल्या ग्रंथी नाहीत. सुईने तीन वेळा नमुना घेतला, परंतु आज आलेल्या अहवालात 'थोड्या लांबट पेशी दिसतात, पुढील चाचण्यांसाठी ऊतक अपुरे' असे लिहिले आहे. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले आहेत. एक म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा तपासून गाठ वाढते का ते पाहणे, आणि दुसरा म्हणजे अस्तराला छोटी चीर देऊन खालच्या गाठीचा थेट तुकडा घेणे. इतके करूनही नाव कळले नाही, याचे आईला वाईट वाटते आहे. सुई घेण्यात चूक झाली असेल का?

प्रतिसाद : जठरवैद्य

चूक झाली असे मी मुळीच म्हणणार नाही. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, टणक आणि स्नायूथरातील गाठ सुईपुढून सरकते, सुईला आत खेळायला जागाही कमी मिळते, आणि अशा गाठींमध्ये अपुरा नमुना येणे हा सर्वांचाच अनुभव आहे. युरोपातील एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनात म्हणूनच २० मिलिमीटरपेक्षा लहान गाठीसाठी चीर देऊन घेतलेल्या तुकड्याला पहिली पसंती आणि सुईला दुसरी पसंती दिलेली आहे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला दुसरा पर्याय तोच आहे.

तपासणीही वाया गेलेली नाही. पहिल्या दुर्बिणीत नजरेने दोन सेंटिमीटर वाटलेली गाठ प्रत्यक्षात १६ मिलिमीटरची आहे, ती बाहेरचा दाब नाही, रक्तवाहिनी नाही, सिस्ट नाही, आणि सावध व्हावे अशी एकही खूण तिच्यात दिसलेली नाही. हे सर्व महिन्यापूर्वी माहीत नव्हते.

नाव न कळलेल्या, त्रास न देणाऱ्या १० ते २० मिलिमीटरच्या गाठीसाठी त्याच मार्गदर्शनात तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण आणि त्यानंतर एक ते दोन वर्षांच्या अंतराने तपासणी सुचवली आहे. केवळ वाट पाहणे हा पर्याय वैद्यकीयदृष्ट्या सुरक्षित आहे. तरी तुमच्या आईंच्या बाबतीत माझा कल चीर देऊन तुकडा घेण्याकडे आहे. त्यांचे वय ६१ आहे. नाव कळले नाही तर पुढची पंधरा-वीस वर्षे दर वर्ष-दोन वर्षांनी साताऱ्याहून पुण्याची खेप, उपास, गुंगी आणि प्रत्येक वेळी अहवालाची धास्ती, हे सर्व मागे लागेल. तुकड्यात लायोमायोमा निघाले तर हे सारे तिथेच थांबते, कारण निश्चित निदान झालेल्या लायोमायोमाला त्रास नसताना पुन्हा पुन्हा तपासण्याची गरज नाही. जिस्ट निघाले तर काढायची की लक्ष ठेवायचे याचा निर्णय शस्त्रवैद्यांसह घेता येईल. जठराच्या मधल्या भागातील एवढी गाठ लॅप्रोस्कोपीने भिंतीचा छोटा तुकडा कापून, गाठीचे आवरण न फोडता काढता येते आणि सहसा लसिका ग्रंथी काढाव्या लागत नाहीत.

लक्ष ठेवण्याचे ठरवलेत तर पुढची तपासणी शक्यतो त्याच ठिकाणी करावी आणि आताची चित्रे सोबत न्यावीत, कारण दोन वेगवेगळ्या हातांनी केलेल्या मोजमापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक गाठ न वाढताही पडतो. आकार खरोखर वाढला, कडा बदलल्या किंवा वरती व्रण दिसला, तर वाट पाहणे थांबवावे.

आणखी एक. आईंची आंबट ढेकर या गाठीमुळे येत आहे असे समजू नका. एवढी गाठ, त्या जागी, सहसा काहीच लक्षण देत नाही, तेव्हा पित्ताचा उपचार स्वतंत्रपणे सुरू ठेवा. मात्र शौचाला डांबरासारखी काळी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना खाली गेले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. चीर देण्याचे ठरले की तारीख कळवा. तपासणीपूर्वी कोणते प्रश्न विचारायचे, ते मी येथेच लिहून देईन.